चौऱ्याऐंशी ग्रॅम मेट्रोनिडाझोल: बधिर पायांचं एक प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांच्या बाई, व्यवसाय शिवणकाम, आठ वर्षांपासून मधुमेह. त्यांना आमच्याकडे आणलं ते पक्षाघाताच्या संशयाने. सकाळी उठल्यापासून जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत मिसळत होते, चालताना कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झोक जात होता. आणीबाणी विभागाच्या नोंदीत पूर्वेतिहास एका ओळीत उरकला होता: ‘मधुमेह, डायबेटिक न्यूरोपथी, पायासाठी अँटिबायोटिक चालू.’ न्यूरोपथी म्हणजे नसांची इजा. अँटिबायोटिकचं नाव नव्हतं, डोस नव्हता, किती दिवसांपासून चालू आहे तेही नव्हतं. सगळं प्रकरण त्या न लिहिलेल्या नावात होतं.

मधुमेह असलेल्या माणसाने पायाला मुंग्या येतात म्हटलं की उत्तर आधीच तयार असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. म्हणूनच ते चुकतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नस खराब करणारं औषध त्याच हाताने पुढे लिहिलं जातं. या बाईंच्या बाबतीत ते घडलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आधी काय झालं

जमिनीवर पडलेली सुई उजव्या पायाच्या अंगठ्याच्या तळाशी घुसली. बाई कळवळल्या, सुई ओढून काढली, जखम धुतली आणि कामाला लागल्या. हा कळवळण्याचा तपशील मी मुद्दाम लिहितो आहे, तो पुढे उपयोगी पडणार आहे. तीन आठवड्यांनी अंगठा सुजला, पू येऊ लागला, त्याला दुर्गंधी होती. एमआरआयमध्ये अंगठ्याच्या हाडापर्यंत संसर्ग गेलेला दिसला. शस्त्रक्रिया करून सडलेला भाग खरवडला, पण अंगठा वाचवायचा म्हणून सगळं हाड काढलं नाही.

दुर्गंधी असलेला पू म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू असू शकतात, हा अंदाज रास्त होता. म्हणून दोन औषधं सुरू झाली: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणि मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. हाडात संसर्ग राहिला असेल तर सहा आठवडे प्रतिजैविक देतात, तेही मान्य पद्धतीला धरूनच होतं. पाच दिवसांनी हाडाच्या तुकड्याचं कल्चर आलं. त्यात एकच जंतू उगवला होता, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मेथिसिलिनला दाद देणारा. त्याच्यावर पहिलं औषध पुरेसं होतं. मेट्रोनिडाझोल स्टॅफिलोकॉकसवर काहीच करत नाही. आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू कल्चरमधून निसटले असते, तरी त्यांच्यापैकी बहुतेकांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड स्वतःच आवरतं. म्हणजे दुसरी गोळी त्या दिवशी बंद करता आली असती. ती चालू राहिली, कारण डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही औषधं एकाखाली एक लिहिली होती आणि दोन्हींपुढे ‘सहा आठवडे’ होतं.

सहाव्या आठवड्यात दोन्ही तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. मग आग. रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होईना, पाय बाहेर काढून झोपावं लागे. सहा आठवड्यांच्या तपासणीला त्यांनी हे सांगितलं. जखम अजून थोडी ओली होती. त्या दिवसाचा कागद मी पाहिला आहे. वर ‘डायबेटिक न्यूरोपथी’ असं निदान, त्याखाली नसांच्या आगीवरचं प्रीगॅबालिन आणि बी१२चाच एक प्रकार असलेलं मिथाइलकोबालामिन, आणि त्याच्याखाली ‘आधीची औषधं आणखी चार आठवडे’. त्रासाचं औषध आणि त्रासाचं कारण एकाच कागदावर, दोन ओळींच्या अंतराने.

आठव्या आठवड्यात बोटांची टोकं बधिर होऊ लागली. शिवणाऱ्या माणसाला हे फार लवकर कळतं. डब्यात हात घालून न बघता हुक कोणता आणि बटण कोणतं हे त्या आयुष्यभर ओळखत आल्या होत्या. आता डबा ओतून डोळ्यांनी निवडावं लागत होतं. दोरा चिमटीत धरलाय की सुटलाय हे कळेना. चालताना ‘कापसावर पाय ठेवल्यासारखं’ वाटू लागलं, चप्पल पायातून निसटली तरी दोन-चार पावलं तशीच पडत. फोनवर विचारलं तेव्हा प्रीगॅबालिनचा डोस वाढला. मग तोल जाऊ लागला, तर तो प्रीगॅबालिनमुळे जात असेल असं सांगण्यात आलं. प्रीगॅबालिनने गरगरतं, तोल जातो, हे खरं आहे. म्हणूनच हे स्पष्टीकरणही सगळ्यांना पटलं.

एमआरआयच्या खोलीतून आलेला प्रश्न

पक्षाघाताचा संशय म्हणून मेंदूचा एमआरआय झाला. रक्तवाहिनी बंद पडल्याची खूण कुठेच नव्हती. पण लहान मेंदूत, दोन्ही बाजूंना अगदी समसमान, डेंटेट न्यूक्लियस नावाचे दोन भाग पांढरे उजळलेले होते. रिपोर्ट टाइप होण्याआधीच रेडिऑलॉजिस्टने वॉर्डात फोन करून विचारलं, ‘‘पेशंट मेट्रोनिडाझोल घेतेय का?’’

डेंटेट न्यूक्लियसमधला असा दुतर्फा बदल मेट्रोनिडाझोलच्या विषारी परिणामात वारंवार दिसतो, इतका की अनुभवी रेडिऑलॉजिस्ट चित्र पाहून औषधाचं नाव घेतात. जीभ अडखळणं, तोल जाणं हे त्याच भागाचं काम बिघडल्याचं लक्षण. हा मेंदूवरचा परिणाम आणि हातापायांतल्या नसांवरचा परिणाम वेगवेगळे आहेत, पण एकाच औषधाचे आहेत आणि कित्येकदा जोडीने येतात.

मुलीला विचारलं, कोणतं अँटिबायोटिक? तिने पिशवीतून रिकाम्या स्ट्रिप्स काढल्या. हिशेब राहावा म्हणून एकही फेकली नव्हती. टेबलावर मांडून मोजल्या: मेट्रोनिडाझोल ४०० च्या दहा-दहा गोळ्यांच्या एकवीस स्ट्रिप्स. ‘‘डॉक्टर, आईने एक गोळी चुकवली नाही,’’ ती म्हणाली. जणू आपल्याकडून काही हयगय झाली का, हेच आम्ही तपासत होतो. हयगय तिच्याकडून काहीच झाली नव्हती. २१० गोळ्या, ८४ ग्रॅम.

हा आकडा किती मोठा आहे हे समजायला तुलना लागते. हेच औषध साधारणपणे आठवडाभर देतात. ४०० मिलिग्रॅम तीन वेळा, सात दिवस, म्हणजे एकूण ८.४ ग्रॅम. त्या मात्रेत नसांना इजा होणं फार विरळ आहे, आणि म्हणूनच हे औषध ‘निरुपद्रवी’ म्हणून सर्वांच्या मनात बसलं आहे. पण याचा नसांवरचा परिणाम साठत जाणाऱ्या एकूण मात्रेशी बांधलेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकूण ४२ ग्रॅमच्या वर गेलेल्या रुग्णांत नसांच्या इजेचं प्रमाण १७.९ टक्के आढळलं, तर ४२ ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत १.७ टक्के. रोज १.२ ग्रॅमच्या हिशेबाने बाईंनी ४२ ग्रॅमची रेषा ३५व्या दिवशी ओलांडली. मुंग्या त्याच्या पुढच्याच आठवड्यात सुरू झाल्या.

मेट्रोनिडाझोल त्याच दिवशी बंद केलं. जखम भरली होती, सीआरपी आणि ईएसआर हे रक्तातले दाहाचे आकडे उतरले होते, एक्स-रेमध्ये हाड आणखी झिजलेलं नव्हतं. म्हणून दुसरं प्रतिजैविकही थांबवलं. त्यापूर्वी संसर्ग उरला असेल तर काय द्यायचं यावर चर्चा झाली आणि त्यात दोन नावं पुढे आली, लिनेझोलिड आणि लेव्होफ्लॉक्सासिन. हाडातल्या संसर्गाला दोन्ही चालतात. पण दोन्ही औषधं नसांनाही इजा करू शकतात. गरज पडलीच तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड एकटंच चालू ठेवायचं असं ठरलं. गरज पडली नाही.

मधुमेह की औषध?

लहान मेंदूपुरतं उत्तर सोपं होतं. हातापायांच्या नसांपुरतं ते सोपं नव्हतं, आणि घाईने औषधावर खापर फोडणं ही मधुमेहावर फोडण्याइतकीच चूक ठरली असती.

तपासणीत स्नायूंची ताकद जवळपास पूर्ण होती. टाचणीची टोच पायांत नडगीच्या मध्यापर्यंत आणि हातांत मनगटापर्यंत मंद लागत होती. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला तर कंप अजिबात कळत नव्हता. घोट्याचे रिफ्लेक्स गेले होते. नसांतून विजेचा संदेश कसा जातो हे पाहणाऱ्या नर्व्ह कंडक्शन तपासणीत पोटरीमागच्या सुराल या संवेदी नसेचा प्रतिसाद दोन्हीकडे मिळाला नाही, हालचालीच्या नसा मात्र ठीक होत्या. म्हणजे नसेचा आतला तंतूच खराब झाला आहे आणि इजा मुख्यतः संवेदनेच्या नसांना आहे. मेट्रोनिडाझोल असंच करतं. दुर्दैवाने मधुमेहही असंच करतो. या तपासणीवरून दोघांत निवाडा होत नाही.

निवाडा झाला तो कालक्रमावरून. मधुमेहातली नेहमीची न्यूरोपथी वर्षानुवर्षं वर सरकते आणि साधारणतः बधिरपणा गुडघ्याजवळ आल्यावर बोटांची टोकं धरते. इथे दोन आठवड्यांत, बधिरपणा जेमतेम घोट्यापर्यंत असताना, हात आले. दुसरं, आठ महिन्यांपूर्वीच्या वार्षिक तपासणीची नोंद मुलीकडे होती: मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा बारीक तंतू) सगळ्या ठिकाणी कळतं, कंप कळतो. तिसरी ती सुई. पायाची संवेदना गेलेला मधुमेही रुग्ण सुई घुसली तरी दिवसभर तसाच चालतो. अशा रुग्णांच्या पायातून एक्स-रे पाहून सुया काढल्या जातात. या बाई कळवळल्या होत्या. त्या दिवशी अंगठ्याची नस जिवंत होती, याहून चांगला पुरावा कोणत्याही यंत्राने दिला नसता.

आणखी एक शक्यता तपासावी लागली, ती सहसा विसरली जाते. बराच काळ वाढलेली साखर फार वेगाने खाली आणली तर त्याच धक्क्याने नसांना तीव्र, आग होणारी इजा होते. संसर्गाच्या काळात बाईंना इन्सुलिन सुरू झालं होतं, त्यामुळे हा प्रश्न रास्त होता. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, तीन महिन्यांत दोन टक्के-बिंदू किंवा जास्त घसरलं तर ही शंका घेतात. त्यांचं ८.९ वरून ७.६ वर आलं होतं. घसरण १.३. त्याने बोलणं अडखळण्याचा उलगडाही होत नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत बी१२ कमी होऊ शकतं, म्हणून तेही पाहिलं. पुरेसं होतं, पण महिनाभर मिथाइलकोबालामिन घेतल्यावर रक्तातली पातळी फारसं सांगत नाही. सुदैवाने शस्त्रक्रियेच्या वेळची एक नोंद सापडली, तीही व्यवस्थित होती. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, रक्तातली प्रथिनं, एचआयव्ही, सगळं नीट.

औषधाचा दुष्परिणाम किती खात्रीचा हे ठरवायला १९८१ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची नारांजो मोजपट्टी आहे. लहान मेंदूच्या बिघाडाला तिच्यावर ७ गुण मिळाले, म्हणजे ‘संभाव्य’. हातापायांच्या न्यूरोपथीला फक्त ४, म्हणजे ‘शक्य’. फरक एका प्रश्नाचा: ‘दुसरं कारण असू शकतं का?’ मधुमेह आहे म्हटल्यावर प्रामाणिक उत्तर ‘हो’ आणि तीन गुण गेले. दुष्परिणामाची नोंद तशीच पाठवली. पण मोजपट्टी सुईची गोष्ट विचारत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणात ४ हा आकडा सत्यापेक्षा कमी बोलतो.

नस अशी का मरते

पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर कण्याजवळ असतं आणि तिचा तंतू तिथून अंगठ्यापर्यंत, जवळजवळ मीटरभर, पसरलेला असतो. त्या तंतूला लागणारी प्रथिनं आणि ऊर्जेची सामग्री मुख्यतः वरून खाली वाहून न्यावी लागते. पेशीच्या कारभारात थोडा जरी खंड पडला तरी पहिला फटका सगळ्यात लांबच्या टोकाला, जसं कालव्याला पाणी कमी सोडलं की शेपटाकडचं शेत आधी वाळतं. म्हणून मुंग्या दोन्ही पायांत एकदम आणि बोटांपासून सुरू होतात. मेट्रोनिडाझोल मेंदूत आणि नसांत सहज शिरतं. तिथे ते पेशीच्या आरएनएला चिकटून प्रथिनं बनवण्याचं काम अडवतं, असा एक विचार प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला. थायमिनच्या (बी१ जीवनसत्त्वाच्या) कामात ते लुडबुड करतं असा दुसरा.

इतर प्रतिजैविकांची वाट वेगळी. लिनेझोलिड जंतूंची प्रथिननिर्मिती रोखतं, पण आपल्या पेशींतल्या, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची यंत्रणाही जंतूंसारखीच असल्याने तिलाही रोखतं. ते २८ दिवसांपेक्षा जास्त काळ द्यायची वेळ क्षयरोगात येते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरच्या निक्स-टीबी अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम लिनेझोलिडचा समावेश होता. त्यात १०९ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांना गुण आला आणि ८१ टक्क्यांना न्यूरोपथी झाली. तिथे तो सौदा जिवाशी होता. पुढच्या अभ्यासांत मात्रा कमी केली तर गुण जवळपास तितकाच आणि इजा बरीच कमी, असं दिसलं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड बी६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. १९५० च्या दशकातच हे कळल्यामुळे जोखीम असलेल्यांना सोबत बी६ देतात. लेव्होफ्लॉक्सासिन ज्यात येतं त्या फ्लुरोक्विनोलोन गटाचं वेगळेपण असं की त्यांत एकूण मात्रेची वाट बघावी लागत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहायला लावलं की नसांची इजा औषध सुरू केल्यावर लवकरच होऊ शकते आणि कायमची राहू शकते. २०१६ साली आणखी कडक इशारा आला: साध्या सायनसच्या, ब्राँकायटिसच्या किंवा लघवीच्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नयेत.

बी६ वरून एक सांगायला हवं. घरच्यांनी भलेपणाने ‘नसांची ताकद’ वाढवणाऱ्या आणखी दोन प्रकारच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. दोन्हींत बी६ भरपूर. जास्त बी६ दीर्घकाळ घेतलं तर तेच संवेदी नसा खराब करतं. त्या गोळ्या बंद केल्या.

पुढचं वर्ष

दहा दिवसांत बोलणं स्वच्छ झालं. तीन आठवड्यांत आधाराशिवाय चालता येऊ लागलं. सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय केला तेव्हा डेंटेट न्यूक्लियसचे दोन्ही डाग गेले होते.

पाय मात्र आधी बिघडले. औषध थांबल्यावर पहिले तीन-चार आठवडे आग वाढली. बाई आणि मुलगी हादरल्या, निदान चुकलं की काय अशी शंका त्यांनी उघड विचारली. विषारी न्यूरोपथीत कारण दूर झाल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो, कारण आधीच तुटायला लागलेले तंतू पूर्ण तुटतात. हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्या टिकून राहिल्या. नाहीतर अशा वेळी माणूस पाचवा डॉक्टर आणि सहावं औषध शोधतो. प्रीगॅबालिन रात्रीपुरतं ठेवलं, बी१२ थांबवलं, इन्सुलिन हळूहळू कमी करून बंद केलं.

तंतू परत वाढतो तो रोज साधारण एक मिलिमीटर, तेही अनुकूल परिस्थितीत. सहाव्या महिन्यात बोटांची टोकं बरीच परतली. डब्यातले हुक आणि बटणं त्या पुन्हा न बघता वेगळी करू लागल्या. वर्षाच्या शेवटी बधिरपणा नडगीवरून खाली, पावलाच्या मध्यापर्यंत उतरला होता. आग नाही. पायाच्या बोटांत स्पर्श नाही. मोनोफिलामेंट अंगठ्यांवर अजून कळत नाही, आणि मधुमेही पायाला हीच सगळ्यात धोक्याची अवस्था. ज्या पायाने सुई घुसल्याचं स्वतः सांगितलं होतं, त्याला आता सुई कळणार नाही. शिवणाच्या खोलीतही बंद चपला, काम संपल्यावर लोहचुंबक फिरवून जमीन साफ, आणि रोज रात्री आरशात तळवे पाहणं, एवढं त्यांच्या दिनक्रमात घातलं आहे.

त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आणि सोबतच्या कार्डावर मेट्रोनिडाझोलबरोबर त्याच कुळातली टिनिडाझोल, ऑर्निडाझोल आणि सेक्निडाझोल ही नावंही लिहिली आहेत. जुलाबावरच्या संयुक्त गोळ्यांत यांपैकी एखादं असतं आणि वेष्टनावर ब्रँडचं नाव मोठं, औषधाचं बारीक असतं; म्हणून मुलीला बारीक अक्षरं वाचायला दाखवून दिली. लिनेझोलिड आणि फ्लुरोक्विनोलोन जीव धोक्यात असल्याशिवाय नकोत, अशीही नोंद आहे.

पायांची संवेदना पूर्ण परत येईल का, असं बाईंनी गेल्या भेटीत विचारलं. त्यांना सांगितलं की अजून सहा महिने वाट बघण्यासारखी आहे, दीड वर्षानंतर जे उरेल ते बहुतेक उरणारच. नर्व्ह कंडक्शनची पुढची तपासणी तेव्हाच ठरवली आहे. सुराल नसेचा क्षीण का होईना प्रतिसाद परत आला, तर इजा औषधाची होती याला दुजोरा मिळेल, कारण मधुमेहाची गेलेली नस अशी आपणहून क्वचितच परतते. नाही आला, तर कारण कोणतंही असो, पायांची रोजची तपासणी आयुष्यभर चालू राहील.